खिशातली सर्व्हायव्हल डबी: आत पाणी शिरतं कुठून?

वाटसरू७

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं पँटच्या मांडीवरच्या खिशात, रानात अडकलोच तर म्हणून, पत्र्याची एक चपटी डबी घेऊन डोंगरात भटकतोय. आत नेहमीचाच संसार: आगकाड्या, कापसाचे बोळे, सुया, गळ, नायलॉनचा दोरा, पितळी तार, शिट्टी, छोटा आरसा, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, थोडं पोटॅशियम परमँगनेट (पाणी जांभळं करणारं जंतुनाशक) आणि एक पातं. चार वर्षांत डबी उघडायची वेळ आली नाही, याचं मला कौतुकच होतं.

गेल्या आठवड्यात ओढा ओलांडताना शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला आणि कमरेइतक्या पाण्यात बसकण मारली. मिनिटभर, फार तर. झाकणाच्या कडेने इन्सुलेशन टेपचा एक वेढा होता म्हणून निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी सहज म्हणून टेप सोडली, तर आत सगळं जांभळं. परमँगनेटची पुडी कागदाची होती, ती विरघळून गेलेली. कापूस तपकिरी. गोळ्या मी शहाणपणा करून, जागा वाचवायला पाकिटातून सुट्या काढून ठेवल्या होत्या, त्यांचा लगदा. काड्यांचं गुल काडीवर न राहता घासायच्या पट्टीला चिकटलेलं. सुया आणि गळ गंजून एकजीव झालेले, वेगळे करायला पक्कड लागली. शाबूत काय, तर शिट्टी, आरसा, तार आणि दोरा.

आता प्रश्न. कोणती डबी घ्यावी? की टेपचेच वेढे वाढवू? आणि मिनिटभरात एवढं पाणी शिरतं कसं, हे काही केल्या कळत नाहीये.

निवांत

वाईट वाटलं वाचून. पण एक शंका. चार वर्षांत डबी उघडलीच नव्हती, तर हे सगळं याच आठवड्यात झालं कशावरून? चार दिवसांत लोखंड एकजीव होण्याइतकं गंजत नाही हो. मला तर वाटतं तुम्ही दोन-तीन वर्षं मयत डबी खिशात घेऊन फिरत होतात.

वाटसरू७

@निवांत, हे वाचून पोटात गोळा आला.

खटपट्या

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. परमँगनेट आणि क्लोरीनच्या गोळ्या, दोन्ही ऑक्सिडायझर, म्हणजे लोखंड भराभर गंजवणारे. त्यांच्या पाण्यात सुया भिजत पडल्या तर चार दिवस पुष्कळ झाले. पण निवांत म्हणतात तसं आधीपासून थोडंथोडं मुरत असणार हेही तितकंच शक्य आहे.

मिनिटभरात पाणी कसं शिरलं ते सांगतो, कारण मीही यात एकदा पोळलोय. आपण समजतो की डबी बंद आहे, पाणी बाहेरून आत यायला धडपडतंय आणि टेप त्याला अडवतेय. खरं म्हणजे डबीच पाणी ओढून घेते.

हिशोब करा. डबी साधारण १२० मिलिलिटरची, निम्मी सामानानं भरलेली, म्हणजे आत ६० मिलिलिटर हवा. मांडीच्या खिशात, चालून तापलेल्या अंगाला लागून ती हवा ३५ अंशांवर गेलेली. ओढ्याचं पाणी १५ अंश. २० अंशांनी गार झाली की हवा साडेसहा टक्के आक्रसते, म्हणजे जवळजवळ ४ मिलिलिटर. पत्रा तर आक्रसत नाही. मग ती जागा भरून कोण काढणार? पाणी. चमचाभर पाणी, आणि बिजागरीजवळ सुईच्या अग्राएवढी फट असली तरी पुरे. शिवाय पाण्याखाली अर्धा मीटर गेलात की वरून आणखी ५ टक्के दाब वाढतो (दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब, त्या हिशोबाने). पत्रा पातळ म्हणून गार व्हायलाही वेळ लागत नाही.

हाच खेळ कोरड्यातही चालतो, फक्त हळू. दिवसा तापली की हवा बाहेर, रात्री गार झाली की दमट हवा आत. डबी श्वास घेते. चार वर्षांत किती श्वास झाले ते तुम्हीच मोजा.

रेडीमेड

एवढं शास्त्र कशाला? ओ-रिंगवाली, म्हणजे झाकणात रबराची गोल रिंग असलेली प्लॅस्टिकची डबी मिळते, आयपी ६७. घ्या आणि विसरून जा. विषय संपला.

खटपट्या

संपत नाही ना राव. आयपी ६७ मधला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही, आणि ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण कसल्या पाण्यात? प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्यात, आणि डबी नवीकोरी असताना. रबराच्या रिंगवर एक केस आडवा पडला, वाळूचा एक कण बसला की त्या ७ चा काय उपयोग? ही डबी वाईट म्हणत नाही मी, स्वतः तीच वापरतो. पण तुमचं ते "विसरून जा" आहे ना, घोळ तिथेच होतो.

पाणकोंबडी

मी कयाकवाली, म्हणजे भिजणं हा आमचा नित्याचा कार्यक्रम. अनुभवाचे चार शब्द.

खटपट्यांचं गणित बरोबर आहे, आणि त्यातूनच उत्तर निघतं: मऊ पिशवी. पिशवी गार झाली की नुसती चुरमडते, आतली जागा कमी होते आणि पाणी ओढलंच जात नाही. म्हणून आमच्याकडे कडक डबीच्या आत मऊ पिशवी असतेच असते. डबीचं काम मार खायचं, पाणी अडवायचं काम पिशवीचं.

आता पिशवीबद्दल. पातळ झिपलॉक पहिल्यांदा कुठे जाते माहितीये? झिपच्या दोन टोकांना आणि घडीच्या कोपऱ्यात. खिशात रोज चुरगळून त्या कोपऱ्यांना टाचणीएवढी भोकं पडतात, डोळ्याला दिसतही नाहीत. फ्रीझरसाठीची जाड, दोन झिपवाली घ्या. बंद करताना आतली हवा काढून टाका, नाहीतर वर बसलात की फुग्यासारखी फटकन उघडते. मग तोंडाला दोन घड्या घालून वर रबर. आणि तपासायची सोपी रीत: रिकाम्या पिशवीत पाणी भरा, झिप लावा, उलटी धरून दाबा. थेंब कुठून येतो ते लगेच दिसतं. मी नव्या कोऱ्या पाकिटातल्याही पिशव्या अशा तपासते, एखादी निघतेच गळकी.

आगकाडू

काड्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून, म्हणून खास लॉगिन केलं.

वाटसरू, तुमच्या काड्या भिजल्या नसत्या तरी पेटल्या असत्या का? साध्या सुरक्षा काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं, पण पेटायला लागणारा तांबडा फॉस्फरस असतो पेटीच्या पट्टीवर. लोक गुलावर मेण चढवतात आणि पट्टी तशीच कागदावर उघडी ठेवतात. पट्टी सर्दावली की पन्नास कोरड्या काड्या घेऊन बसा कपाळाला हात लावून. पट्टी वेगळ्या पिशवीत, आणि एक नाही, दोन.

मेण चढवायची रीत: मेण कधीही थेट आचेवर वितळवू नका. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, ५०-६० अंशांत पातळ होतं. काडी गुलासकट अर्धी बुडवायची आणि लगेच बाहेर. रेंगाळलात तर थर जाड होतो, मग घासताना पट्टीवर मेण फासलं जातं आणि पट्टी गुळगुळीत. घासण्याआधी गुलाच्या टोकावरचं मेण नखाने खरवडायचं, हे लक्षात असू द्या. नेलपेंटही चालतं, पण ते ओलं असताना ज्योत दूर ठेवा, त्याची वाफ पेट घेते.

खरं सांगू का? काड्या हा माझा छंद आहे म्हणून ठेवतो. भरवसा फेरो रॉडवर, म्हणजे ठिणग्या पाडणाऱ्या धातूच्या कांडीवर. पाण्यातून काढा, बाहीला पुसा, खरवडा, ठिणगी पडते, ३००० अंशांच्या घरातली. १९०३ साली कार्ल आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञानं पेटंट घेतलेला मिश्रधातू, लायटरच्या चाकाखालचा खडा तो हाच. मात्र दमट जागी, विशेषतः खाऱ्या पाण्यात भिजून तसाच राहिला तर याची पांढरट भुकटी होते. म्हणून नेलपेंटचा एक हात द्यायचा. पहिल्या खरवडीत निघून जातो.

पाणकोंबडी

+१. माझा एक रॉड समुद्रावरून आल्यावर पाऊचमध्ये राहिला. महिन्याने बघते तर खडूची कांडी.

औषधवाली

वाटसरूदादा, गोळ्या पाकिटातून काढल्यात ते वाचून अंगावर काटा आला. पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांना ते पाकीट उगाच नसतं. हवेतल्या ओलीनेही त्या निकामी होतात. एकेका गोळीचं पाकीट असतं, ते तसंच कात्रीने सुटं करा, मात्र कापताना कडेची चिकटवलेली पट्टी पुरेशी राहू द्या. अगदी गोळीलगत कापलंत की कडेतून हवा गेलीच.

दुखण्याच्या गोळ्यांचंही तेच. पारदर्शक प्लॅस्टिकच्या स्ट्रिपमधून थोडी ओल वर्षभरात जातेच, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या स्ट्रिपमधून जवळपास जात नाही. निवडायला वाव असेल तर दुसरी घ्या. मुदतीची तारीख कापून टाकू नका, हे सांगायला नको पण सांगते.

आणि आयोडीनच्या गोळ्या असतील तर पत्र्याच्या डबीत नकोच. त्यांची वाफ धातू खाते.

निवांत

मी सिलिका जेलची पुडी टाकून ठेवतो. बुटांच्या खोक्यात येते ती. पुरेल ना?

खटपट्या

सिलिका जेलवर थोडं सविस्तर, कारण याबद्दल बऱ्याच जणांच्या कल्पना उलट्या असतात.

लोकांना वाटतं डबीतल्या हवेत ओल असते, ती गार झाली की दवासारखी साचते आणि काड्या भिजतात. मोजून बघा. ३० अंशांच्या, पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे ३० ग्रॅमच्या आसपास वाफ असते. आपल्या ६० मिलिलिटर हवेत किती? दोन मिलिग्रॅमसुद्धा नाही. ती १५ अंशांवर आणलीत तर एक मिलिग्रॅम पाणी सुटेल. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा. म्हणजे थेंबाचा पन्नासावा भाग. त्याने काय भिजणार?

ओल असते ती कापसात आणि कागदात. हाताला कोरडाठाक लागणारा कापूसही वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून असतो. दोन ग्रॅम कापूस म्हणजे तीन थेंब पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने आत कोंडलंत. त्यामुळे डबी भरायच्या आधी कापूस, काड्या, कागद, जे काही ओल पितं ते कडक उन्हात सुकवून घ्या आणि गरम असतानाच सुट्या पिशवीत बंद करा. पाऊस पडत असताना डबी भरू नका. पुडीपेक्षा याने जास्त फरक पडतो.

पुडी ठेवा, पण एक ग्रॅमची पुडी फार तर पाव ग्रॅमच्या आसपास ओल धरणार. पाणीबंद पिशवीत ते भरपूर झालं. श्वास घेणाऱ्या डबीत मात्र ती बाहेरच्या हवेतली ओल पीत बसते आणि थोड्या दिवसांत तुडुंब होते. आणि बुटांच्या खोक्यातली पुडी तुमच्या हातात येईपर्यंत बहुधा भरलेलीच असते. १२० अंशांवर दोन तास तापवली की पुन्हा ताजी होते. कागदी पुडी तापवताना नजर ठेवा, आणि पुडी प्लॅस्टिकच्या कापडाची असेल तर तापवू नका. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे मिळतात, त्यांच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते काही बरं नाही. नारिंगी जातीचे घ्या.

रेडीमेड

बरं, हार मानतो. पण मग सगळं व्हॅक्यूम पॅक का करत नाही? हवाच नाही तर आक्रसणार काय?

खटपट्या

कल्पना उत्तम. मी करून बघितली आहे, दोनदा. पहिल्या वेळी गळाच्या टोकाने आतूनच पिशवीला भोक पाडलं, सकाळपर्यंत पाकीट मऊ पडलेलं. टोकदार वस्तू आधी स्ट्रॉमध्ये किंवा बुचात खुपसून मग पॅक केलं तर टिकतं.

दुसऱ्या वेळी पॅकिंग झकास झालं, पण

पाणकोंबडी

पण उघडता आलं नाही! बरोबर ना?

खटपट्या

अगदी. 😄 बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं हात बुडवून मग पाकीट फाडायला गेलो. बोटं लाकडाची. दातांनी फाडायचा प्रयत्न केला, दात घसरले. पातं होतं, पण पाकिटाच्या आत. तेव्हापासून प्रत्येक पाकिटाच्या कडेला कात्रीने एक छोटा काप देऊन ठेवतो, सीलच्या बाहेरच्या बाजूला, तिथून फाटतं. टेपचं शेवटचं टोकही दुमडून शेंडी सोडायची. ओल्या बोटांनी सपाट टेपचं टोक शोधून दाखवा कुणीतरी.

पाणकोंबडी

म्हणूनच टेपपेक्षा सायकलच्या ट्यूबचे पट्टे बरे. ट्यूब आडवी कापून दोन बोटं रुंदीचा पट्टा डबीवर ताणून चढवायचा, झाकणाच्या फटीवर येईल असा. हातमोजे घालूनही निघतो, पुन्हा चढवता येतो, आणि त्याचा तुकडा ओल्यातही पेटतो. काळाकुट्ट, घाण वासाचा धूर येतो, पण ज्योत धरतो. फक्त उन्हाने रबर भेगाळतं, ताणून बघत जा. टेप मात्र एकदा सुटली की त्याच जागी पुन्हा तशी बसत नाही, आणि ओल्या पत्र्यावर तर मुळीच नाही.

वाटसरू७

दोन दिवस गायब होतो, कारण प्रयोगात गुंतलो होतो. खटपट्यांचं वाचून डोक्यात आलं की डबी तापली तर हवा बाहेर पडणार, मग ती पाण्याखाली दिसायला हवी.

जुनी डबी घासूनपुसून, आत टिश्यू पेपर घालून, टेपचे आधीसारखेच वेढे मारले, फक्त एकाऐवजी दोन. बादलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी, त्यात डबी, वर दगड. दहा सेकंदांत बिजागरीच्या डाव्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ सुरू झाली. मोत्यांची सर सोडावी तशी, एकाच ठिकाणाहून. बाकी सगळीकडे टेपनं चोख काम केलेलं. बघितलं तर तिथे पत्रा वळवलेला आहे आणि वळणाच्या खाली बारीक बोगदा राहिलाय, टेप त्याच्यावरून पुलासारखी जाते. मग तीच डबी उचलून गार पाण्यात टाकली. पाच मिनिटांनी उघडली तर टिश्यू चिंब, एका कोपऱ्यात छोटं तळं.

चार वर्षं मी या डबीच्या भरवशावर होतो!

आगकाडू

हा गरम-गार प्रयोग लई भारी. वाचनखूण साठवली.

निवांत

मलाही राहवलं नाही, माझी ओ-रिंगवाली घातली गरम पाण्यात. एक बुडबुडा नाही. खूश होऊन गार पाण्यात टाकली, नंतर उघडेना! झाकण आत ओढून बसलेलं. पुन्हा कोमट पाण्यात धरली तेव्हा उघडलं. टिश्यू कोरडा. म्हणजे डबी चांगली, पण खऱ्या वेळी कोमट पाणी कुठून आणू?

खटपट्या

झाकण उघडायला सोपं जावं म्हणून कडेत पातळ दोरी अडकवून ठेवू नका, सील जाईल. कडेत सपाट काही घालून पीळ द्यायची सोय ठेवा, गळ्यातल्या शिट्टीची कड चालते का बघा. आणि रिंगला ग्रीस लावत असाल तर रिंग कशाची आहे ते आधी बघा. सिलिकॉन रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं की ती फुगते. पेट्रोलियम जेलीनं नैसर्गिक रबर सैल पडतं. खात्री नसेल तर काही न लावता ओल्या फडक्यानं नुसती पुसा.

औषधवाली

परमँगनेट कोण कसं ठेवतं? तेही सांगा. वाटसरूदादांचा कापूस तपकिरी झाला त्याला तेच कारण.

आगकाडू

स्ट्रॉमध्ये. स्ट्रॉचा तुकडा घ्या, एक टोक पकडीत दोन मिलिमीटर बाहेर राहील असं धरा, लायटरने ते टोक वितळवा आणि पकडीनेच दाबा. पावडर भरा, पण दुसऱ्या टोकाच्या आतली बाजू कोरडी आणि स्वच्छ राहिली पाहिजे, एक कण जरी कडेला लागला तरी सील बसत नाही. टोकाशी थोडी जागा रिकामी सोडून तेही तसंच बंद करा. मग पाण्यात बुडवून दाबून बघा. परमँगनेटचा फायदा असा की गळत असेल तर रंगच सांगतो.

आणि ग्लिसरीन असलेलं काहीही त्याच्या जवळपास नको. दोन्ही एकत्र आले की आपोआप पेटतात. आग लावायची ती एक युक्ती आहे खरी, पण खिशात नको.

पाणकोंबडी

अवांतर: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या एमआय-९ खात्यानं वैमानिकांना पळून जाण्यासाठी खिशात मावणारी पाकिटं दिली होती, आणि त्यांतले नकाशे रेशमावर छापलेले होते. भिजले तरी लगदा होत नाही, घडी घातली तरी फाटत नाही आणि उलगडताना कागदासारखा आवाजही येत नाही. मला हा विचार फार आवडतो. भिजू नये म्हणून धडपड करण्यापेक्षा भिजलं तरी चालेल अशीच वस्तू घ्यायची. चिठ्ठी लिहायला पेनाऐवजी पेन्सिल, कोऱ्या कापसाऐवजी पेट्रोलियम जेलीत मळलेला कापूस. तो पाण्यात पडला तरी बाहेरून झटकायचा, मधून फाडायचा, आतला कोरडा असतो.

वाटसरू७

पाणकोंबडीताई, तुमच्या या अवांतरामुळेच यादी नव्याने केली. सगळं सामान टेबलावर पसरलं आणि एकेका वस्तूला विचारलं, बाई, तू भिजलीस तर काय होईल? शिट्टी, आरसा, तार, दोरा, जेलीचा कापूस, पेन्सिल यांना काहीच होत नाही. हे सगळं बाहेरच्या डबीत मोकळं. सुया, गळ आणि पातं तेलाचा हात फिरवून, टोकं बुचात खुपसून, स्ट्रॉमध्ये. रॉडला नेलपेंट (घरच्यांकडून मागावं लागलं, बरीच चौकशी झाली). उरल्या फक्त गोळ्या, काड्या, त्या घासायच्या दोन पट्ट्या, परमँगनेट आणि जखमेची पट्टी. ज्यांना खरोखर कोरडं राहायला हवं ते एवढंच निघालं, मुठीत मावेल इतकं! त्यांना दोन पिशव्या, एकात एक, हवा काढून. गुंडी-सेलचा टॉर्च आहे, त्याचा सेल काढून कागद घालून ठेवलाय.

डबी जुनीच. बिजागरीला सोल्डरचा डाग देऊन बोगदा बुजवला, वर ट्यूबचा पट्टा.

काल पुन्हा बादली. गरम पाण्यात तीन-चार बुडबुडे आले, मग गार. उघडलं तर डबीत थोडं पाणी होतंच, अर्धा चमचा असेल. आतली पिशवी मात्र चुरमडून सामानाला घट्ट चिकटलेली, आणि आतला टिश्यू कोरडा.

निवांत

आता पुढची तपासणी कधी? की पुन्हा चार वर्षांनी?

वाटसरू७

पट्ट्यावर पांढऱ्या रंगाने तारीख घातलीये. तीन महिन्यांनी बादली काढणार, आणि बुडबुडे मोजून इथेच टाकतो.